एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) पेटीतल्या बाळाची वरचेवर सोनोग्राफी: काही अपाय होतो का?

सोलापूरकर बाबा
मुलगी २९व्या आठवड्यात झाली, वजन ११४० ग्रॅम. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी आणि काल डॉक्टरांनी छोटं मशीन पेटीपाशी आणून डोक्याची सोनोग्राफी केली, आज पहाटे छातीची. माझी आई म्हणते, एवढ्याशा जिवावर किती किरण सोडतात. मला कळत नाही ते असं की छातीसाठी एक्स-रे असताना सोनोग्राफी कशाला? तिथे सगळे घाईत असतात, सारखं विचारायला संकोच वाटतो.

एनआयसीयूतली सिस्टर
विचारा दादा, तुमचंच बाळ आहे. जेल गार लावत नाहीत ना, एवढं बघा. हजार ग्रॅमचं बाळ बघता बघता थंड पडतं. आम्ही पाकीट आधी हातात धरून कोमट करतो. एका बाळाचा प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही, हेही बिनधास्त विचारा.

रात्रपाळीचा डॉक्टर
आईंना सांगा, यात किरण नाहीतच. एक्स-रेत असतात, तेही थोडे. सोनोग्राफी म्हणजे कानाला ऐकू न येणारा आवाज. कवटीच्या हाडातून तो नीट पार होत नाही, पण बाळाची टाळू भरलेली नसते. तेल घालताना आजीच्या बोटाखाली जी टाळू उडते, तीच आमची खिडकी.

इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला फार नाजूक रक्तवाहिन्या असतात. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात. असा रक्तस्राव झालाच, तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो आणि बाहेरून अनेकदा काहीच कळत नाही. म्हणून टाळूतून बघत राहायचं. रक्तस्राव किती, ते रिपोर्टमध्ये ग्रेड १ (सर्वांत कमी) ते ४ असं लिहितात. १ किंवा २ ऐकून हातपाय गाळू नका. ३ आणि ४ची काळजी वेगळी.

आता छाती. हवेत हा आवाज विखुरतो, त्यामुळे हवा भरलेलं फुप्फुस आतून दिसत नाही. आम्ही वाचतो ते फुप्फुसाचं आवरण आणि हवेमुळे उमटणाऱ्या रेघा. आडव्या ए-लाइन्स असतील आणि आवरण श्वासागणिक सरकत असेल, तर तिथे हवा खेळते आहे. वरून खाली उतरणाऱ्या बी-लाइन्स दाटल्या, तर ओल आहे. दोन्हीकडे सगळं पांढरं आणि आवरण जाड, तुटक दिसलं, तर सरफॅक्टंटची, म्हणजे फुप्फुस मिटू न देणाऱ्या आतल्या द्रवाची, कमतरता आधी मनात येते.

गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला ९८० ग्रॅमच्या एका बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) एकाएकी ६० टक्क्यांवर आलं. एक्स-रेचा टेक्निशियन दुसऱ्या इमारतीत. प्रोब ठेवला. डावीकडे आवरण सरकत होतं, उजवीकडे रेघ जागची हलेना आणि बी-लाइन एकही नाही. फुप्फुसाबाहेर हवा साठली होती. सुई घालून थ्री-वेला (तीन तोंडांच्या छोट्या तोटीला) लावलेल्या सिरिंजने २२ मिली हवा काढली. आकडा चढू लागला, तेव्हा एक्स-रेचं मशीन दारातून आत येत होतं.

त्याआधी मी जिथे होतो, तिथे हेच मशीन रात्री कुलपात असायचं. कारण द्यायचे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचं. तो कायदा हवाच, आपल्या राज्यात तर हवाच. पण मशीनची रीतसर नोंदणी करून ते त्याच हॉस्पिटलात भरती रुग्णांसाठी वापरता येतं. या कायद्याखाली भरायचा एफ फॉर्म गर्भवतीचा असतो, नवजात बाळाचा नाही. कुलपापुढे उभं राहून घालवलेल्या मिनिटांचा मला आजही त्रास होतो.

एक्स-रे यामुळे संपला असं मात्र नाही. श्वासनळीतल्या ट्यूबचं टोक कुठवर आहे हे बघायला आम्ही तो काढतोच. शिवाय सोनोग्राफी बघणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. डोक्याचा रिपोर्ट रेडिओलॉजिस्टनेही बघितला का, हे जरूर विचारा.

जुळ्यांची आई
माझी ३० आठवड्यांची. धाकट्याला ग्रेड २ निघाला, आणि त्या रात्री मी जिन्यात बसून रडले. मग आमच्या डॉक्टरांनी दर वेळी स्क्रीन माझ्याकडे वळवायला सुरुवात केली. काळ्या पोकळीतला तो पांढरा ठिपका आठवड्याआठवड्याने लहान होताना मी स्वतः पाहिला. तुम्हीही स्क्रीन दाखवा म्हणा.

सोलापूरकर बाबा
आज विचारलं. डावीकडे ग्रेड १ आहे, पुन्हा सातव्या दिवशी बघणार. छाती कालपेक्षा बरी. टाळूचं सांगितल्यावर आईला लगेच पटलं. डॉक्टर, ग्रेड १ असताना कांगारू केअर, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं, चालतं का? बायको फार वाट बघतेय.

रात्रपाळीचा डॉक्टर
बाळ स्थिर असेल तर चालतं. उद्याच्या राउंडला तुम्हीच विषय काढा. मान पुढे दुमडू द्यायची नाही, कशी धरायची ते सिस्टर दाखवतील. वहिनींना पुढून उघडणारा सैल गाऊन घालून यायला सांगा.