विकतचे फाइव्ह स्टार रिव्ह्यू : नव्या धंद्याची गरज की फसवणूक?

कोथरूडची_सुगरण
माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीच्या तोंडावर एका मार्केटिंगवाल्याचा फोन आला. म्हणे, पैसे द्या, आठवड्यात गूगलवर शंभर फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकून देतो. मी साफ नाही म्हटलं. ज्याने माझी चकली चाखलीच नाही त्याने 'एकदम खुसखुशीत' लिहायचं आणि ते वाचून कुणी तरी ऑर्डर द्यायची, ही सरळ फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटतं?

सिंहगडरोडकर
ताई, तत्त्व म्हणून मान्य. पण चितळ्यांच्या दुकानातली गर्दी हाच त्यांचा रिव्ह्यू, आणि ती जमवायला पिढ्या गेल्या. काल सुरू केलेल्याकडे ना गर्दी ना नाव. शून्य रिव्ह्यू दिसले की लोक सरळ पुढच्या दुकानाकडे वळतात. पहिले वीस-पंचवीस कुठून तरी आणावेच लागतात. माल चांगला असेल तर नुकसान कुणाचं?

पेठेतला_ग्राहक
नुकसान माझं! परवा एका घरगुती डबेवाल्याचे रिव्ह्यू वाचत होतो. बहुतेक सगळे दोन दिवसांत आलेले, एकातही भाजीचं नाव नाही, आणि तिघांनी लिहिलंय 'स्टाफ नम्र आहे'. घरून डबे देणाऱ्याकडे स्टाफ कुठला? अशाने खरं लिहिणाऱ्यावरही विश्वास बसेनासा होतो.
1974 मध्ये ग्राहक पंचायत याच पुण्यात उभी राहिली, ती गिऱ्हाइकाला खरं कळावं म्हणूनच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही आलं.

सिंहगडरोडकर
ते मानक ऐच्छिक आहे, कोण पाळतं? बरं, खऱ्या गिऱ्हाइकालाच 'फाइव्ह स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या' म्हटलं तर?

औंधवाली_मार्केटिंग
तेही नाही चालत. सूट किंवा भेटवस्तू देऊन रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि फक्त खूश गिऱ्हाइकांना निवडून मागणंही नाही. मागायचे तर सगळ्यांकडे मागा.
माझं हेच काम आहे, म्हणून सांगते, निखळ पाचच्या मागे लागू नका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल केंद्राच्या अभ्यासात खरेदीची शक्यता 4 ते 4.7 रेटिंगला सर्वाधिक दिसली, 5 च्या जवळ गेलं की ती उतरते. सगळंच गोड असलं की लोकांना शंका येते. 'चिवडा छान, करंजी जरा कोरडी' हा रिव्ह्यू राहू द्या आणि त्याखाली नीट उत्तर द्या. ते उत्तर नवा गिऱ्हाईक वाचतो.

कोथरूडची_सुगरण
पटलं. यंदा प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकते : आवडलं नसेल तरी लिहा.

सिंहगडरोडकर
जरूर टाका. पण चिठ्ठी वाचून लिहिणारे दहात एक-दोन असतात. शेजारचा शंभर विकत घेऊन बसलाय, आणि फराळाचा सीझन पंधरा-वीस दिवसांचा. तोवर तग कसा धरायचा, याचं उत्तर अजून कुणीच दिलेलं नाही.