सप्टेंबरचा जन्म, जूनमध्ये अमेरिका: मुलाला दोन भाषांच्या शाळेत घालावं का?

रामबाग_इंदूर
नमस्कार. मुलगा १४ सप्टेंबर २०२१ चा, सध्या इथे केजी वनमध्ये. जून २०२६ मध्ये आमचं अमेरिकेला जाणं ठरलंय. ऑफिस सॅन होजेला की सॉल्ट लेक सिटीला, ते पुढच्या महिन्यात कळेल. घरात मराठी, कॉलनीत हिंदी आणि इंग्रजी फक्त शाळेपुरतं: रंग, आकडे, दोन-चार कविता. तिथल्या सरकारी शाळांत दिवसाचा काही भाग स्पॅनिश किंवा चिनीत आणि उरलेला इंग्रजीत शिकवतात, वेगळी फी नसते, असं समजलं. ज्याला इंग्रजीच धड येत नाही त्याच्या डोक्यावर आणखी एक भाषा ठेवावी का? ठेवायची तर कोणती? त्याचं वर्ष वाया जाईल का? आणि सासूबाईंचा प्रश्न, जो खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवा होता: यात मराठीचं काय होणार?

दप्तर
ताई, आधी वयाचं बघू, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे.

कॅलिफोर्निया (सॅन होजे) आणि युटा (सॉल्ट लेक), दोन्ही राज्यांत किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, १ सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मुलगा दोन आठवड्यांनी चुकतो. कॅलिफोर्नियात त्याच्या आधी 'टीके', म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, असं एक मोफत वर्ष आहे. २०२५-२६ पासून १ सप्टेंबरला चार पूर्ण असलेल्या प्रत्येक मुलाला ते खुलं आहे. सॅन होजे ठरलं तर ऑगस्ट २०२६ ला टीके, २०२७ ला किंडरगार्टन. सॉल्ट लेक ठरलं तर पहिलं वर्ष घरी किंवा पैसे भरून प्रीस्कूल, २०२७ ला किंडरगार्टन, आणि युटामध्ये दोन भाषांचे वर्ग बहुतेक पहिलीपासून सुरू होतात म्हणून खरी सुरुवात २०२८ ला. वर्ष वाया जात नाही, त्याच्या वयाची सगळीच मुलं त्याच वर्गात असतात. वय वाढवून वरच्या वर्गात बसवा म्हणून शाळेच्या मागे लागू नका. ती इकडची सवय आहे, तिकडे चालत नाही.

आता पद्धत. युटामध्ये २००८ च्या कायद्याने हे वर्ग राज्यभर एकाच साच्यात चालतात: अर्धा दिवस एक भाषा, अर्धा दिवस इंग्रजी. दोन शिक्षक, दोन खोल्या, मुलांचे दोन गट, आणि दुपारी गटांची अदलाबदल. पहिली ते तिसरी गणित परभाषेत होतं, चौथीपासून ते मुख्यतः इंग्रजीकडे येतं. कॅलिफोर्नियात प्रत्येक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, आपापला कारभार. तिथे नव्वद-दहा ही पद्धत बरीच दिसते: किंडरगार्टनमध्ये ९० टक्के स्पॅनिश, दरवर्षी इंग्रजी थोडं थोडं वाढत चौथी-पाचवीला निम्मं-निम्मं. यात इंग्रजी वाचनाचे रीतसर धडे दुसरी-तिसरीच्या सुमारास सुरू होतात. त्यामुळे तिसरीच्या इंग्रजी परीक्षेत मूल मागे दिसतं, आईबाप घाबरतात आणि नेमकं तिथेच काढून घेतात. तीन वर्षांची मेहनत गेली, आणि इंग्रजीचा फायदा जो पुढे दिसायचा तोही गेला. पोर्टलंडमध्ये लॉटरीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा पाचवीत दोन भाषांवाली मुलं इंग्रजी वाचनात सुमारे सात महिने पुढे होती, आठवीत नऊ महिने. गणितात फरक नव्हता.

इंग्रजी येत नाही याची भीती बाळगू नका. स्पॅनिशच्या तासाला इंग्रजी घरातली मुलंही शून्यावरच असतात, तुमचा त्यांच्याच रांगेत. इंग्रजी तो मैदानावर आणि डब्याच्या सुट्टीत उचलेल. सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिने, मूल वर्गात बोलतच नाही. ऐकत असतं. सांगितलेलं करत असेल, मुलांत खेळत असेल, तर चिंता नको. मराठीतही वाक्यं होत नसतील, तर मात्र निघण्याआधी इथेच कानाची तपासणी करून घ्या.

एकाच बाबतीत मी स्पष्ट नाही म्हणेन. नोकरीमुळे दोन-तीन वर्षांत गाव बदलायची शक्यता मोठी असेल तर यात पडू नका. हा पाचवीपर्यंतचा सौदा आहे. नव्या गावात दुसरी-तिसरीला मधूनच घेत नाहीत, घेतलं तर आधी त्या भाषेची परीक्षा घेतात.

लसीचं_कार्ड
शाळा कुठलीही असो, प्रवेश अडतो तो लसींवर. मुलाचं कार्ड काढून तारखा वाचा.

सरकारी केंद्रात ९ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात जी लस देतात ती एमआर, म्हणजे गोवर-रुबेला. त्यात गालगुंड नाही. अमेरिकेत एमएमआर लागते, दोन डोस, दोन्ही पहिल्या वाढदिवसानंतरचे. नऊ महिन्यांचा डोस खासगी दवाखान्यात एमएमआरचा घेतलेला असला तरी तो धरत नाहीत. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाहीच, तिचेही दोन डोस लागतात, मध्ये तीन महिने. म्हणजे पहिला आत्ता, दुसरा निघण्याआधी. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी घेता येतात. वेगवेगळ्या दिवशी घ्यायच्या तर मध्ये किमान २८ दिवस हवेत, नाहीतर नंतरची लस बाद ठरते.

पोलिओत फार जण फसतात. १ एप्रिल २०१६ नंतर दिलेले तोंडातले थेंब तिकडे मोजत नाहीत, पल्स पोलिओचे तर नाहीतच. इंजेक्शनची आयपीव्हीच मोजतात. खासगीत सहा रोगांवरची एकत्र लस घेतली असेल तर तिच्यात आयपीव्ही असते, कार्डावर लसीचं नाव बघा. कॅलिफोर्नियाला पोलिओचे चार डोस, किंवा चौथ्या वाढदिवसानंतरचा एक धरून तीन. त्रिगुणीचे पाच, किंवा चौथ्या वाढदिवसानंतरचा एक धरून चार. युटाला शिवाय हेपेटायटिस ए चे दोन डोस, मध्ये सहा महिने, म्हणून ते गाव ठरण्याची वाट न बघता आजच सुरू करा.

सॅन होजे सांता क्लारा काउंटीत येतं, तिथे क्षयरोगाच्या धोक्याचा फॉर्म भरून लागतो, आणि भारतात जन्म म्हटलं की पुढे चाचणी आलीच. बीसीजी घेतलेल्या मुलाच्या हातावरची चाचणी उगीच लाल येऊ शकते. रक्तावरची आयजीआरए चाचणी मागा.

शेवटी डॉक्टरांच्या लेटरहेडवर सगळ्या लसी इंग्रजीत टाइप करून घ्या, दिवस-महिना-वर्ष तिन्ही, आणि महिना अक्षरांत. ०५/०४ हे तिकडे ४ मे नसून ५ एप्रिलही नसतं, उलटं वाचतात आणि डोस बाद होतो.

दप्तर
^ तारखेचं वाक्य जरा गडबडलंय. इकडे ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल, तिकडे महिना आधी वाचतात म्हणून ते ४ मे होतं. बाकी सगळं छापून फ्रिजवर लावण्याजोगं.

खिडकी_क्रमांक_४
फॉर्मबद्दल कोणी लिहिलं नाही. नाव घालताना घरच्या भाषेचा एक कागद येतो. कॅलिफोर्नियात त्यात चार प्रश्न असतात: मूल बोलायला लागलं ते कोणत्या भाषेत, घरी जास्त कोणती बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणती बोलता, घरातली मोठी माणसं कोणती बोलतात. बरेच देशी लोक चारही ठिकाणी इंग्रजी लिहून मोकळे होतात, मुलावर शिक्का नको म्हणून. हे साफ चुकीचं आहे. मराठी लिहिलंत की किंडरगार्टनमध्ये नाव घातल्यापासून ३० दिवसांत इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते, टीकेत ती होत नाही. कच्चं निघालं तर इंग्रजीसाठी रोज वेगळा वेळ द्यायला शाळा बांधील असते, आणि इंग्रजी पुरेसं झालं की त्या यादीतून नाव निघतं. खोटं लिहिलंत तर मदतही नाही आणि शिक्षकांना मूल गप्प का, याचा पत्ताही नाही. या कागदाचा व्हिसाशी काही संबंध नाही, सरकारी शाळा व्हिसा विचारतच नाहीत. पत्त्याचा पुरावा मात्र कडक बघतात: भाडेकरार, वीजबिल. जन्मदाखला फक्त हिंदीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, आणि पासपोर्ट बरोबर ठेवा.

जागा साधारणपणे लॉटरीने मिळतात. अर्ज हिवाळ्यात, शाळा ऑगस्टमध्ये. भावंड आधीपासून शाळेत असेल तर त्याला, आणि बऱ्याच ठिकाणी शाळेच्या हद्दीतल्या घरांना पहिला हक्क. जिथे निम्मी मुलं स्पॅनिश घरांतली घेतात तिथे दोन वेगळ्या याद्या असतात. मराठी मूल बहुतेक ठिकाणी स्पॅनिश न येणाऱ्यांच्या यादीत जातं, आणि लांब यादी तीच असते.

रामबाग_इंदूर
पण आमच्याकडे जूनपर्यंत पत्ताच नसेल, मग हिवाळ्यातला अर्ज कसा भरायचा?

खिडकी_क्रमांक_४
नाही भरता येणार. भाडेकरार हातात आला की त्याच दिवशी जवळच्या शाळेत नाव घाला आणि दोन भाषांच्या शाळेच्या वेटिंग लिस्टवरही टाका. यादी हलते ती शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरवड्यात, जागा अडवून न आलेल्यांची नावं कटतात तेव्हा. फोन आला तर उत्तराला एक-दोन दिवसच देतात, अनोळखी नंबर म्हणून कापू नका. तुमच्या बाबतीत टीकेचं वर्ष हाताशी आहे, तेव्हा २०२७ च्या किंडरगार्टनचा अर्ज वेळेत भरता येईल. घर भाड्याने घेताना 'ही शाळा मिळेल' या दलालाच्या बोलण्यावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता टाकून हद्द बघा. या शाळा पुष्कळदा हद्दीच्या नसतातच, अख्ख्या डिस्ट्रिक्टच्या असतात.

पाटी_पेन्सिल
स्पॅनिश की चिनी, यावर.

तुमच्या घरासाठी स्पॅनिश सोपी पडेल, आणि त्याचं कारण मुलापेक्षा तुम्ही आहात. स्पॅनिश लिहिल्याप्रमाणे वाचतात. स्वर पाचच, आपल्या आ-ए-इ-ओ-उ च्या जवळचे. त आणि द दाताला जीभ लावून, अगदी आपल्यासारखे. एच चा उच्चार नाही, जे चा ह-ख च्या मधला. एवढं कळलं की आठवड्याभरात तुम्ही किंवा आजी मुलाचं पुस्तक त्याच्याकडून वाचून घेऊ शकता, अर्थ कळो न कळो. विशेषणाचं लिंग नामाप्रमाणे बदलतं याचं इंग्रजी मुलांना नवल वाटतं, 'काळा घोडा, काळी गाय' म्हणणाऱ्याला नाही.

चिनीत उलट आहे. मुलाला एक फायदा फुकट मिळतो: रोमन लिपीत बी लिहितात तो जवळजवळ आपला प, आणि पी लिहितात तो फळातला फ. तसंच क आणि ख. सूर मात्र सगळ्यांनाच नवे. आणि अक्षरं रोज लिहून गिरवावी लागतात, त्यात घरातलं कोणी मदत करू शकत नाही. मूल पहिल्या वर्षात अडलं तर शिकवणीचा खर्च धरून चाला. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशला ६०० ते ७५० तास देतं, चिनीला २२००. मोठ्यांचे आकडे आहेत, पण अंदाज येतो.

शाळा बघायला जाल तेव्हा 'इमर्शन', म्हणजे परभाषेत बुडवून शिकवणं, ही पाटी बघून खूश होऊ नका. दिवसाला किती मिनिटं त्या भाषेत, आणि कोणता विषय, हे विचारा. 'आठवड्यात तीनदा अर्धा तास' असं उत्तर आलं तर तो गाण्यांचा वर्ग आहे. चौथी-पाचवीत किती मुलं उरतात ते विचारा. गळती झाली की जागा भरत नाहीत आणि दोन इयत्ता एकत्र बसवतात. शिक्षक स्पेन, तैवान वगैरेहून तात्पुरत्या व्हिसावर आलेले असतील तर ते काही वर्षांत परत जातात, तेव्हा बदली शिक्षक कुठून येतो? आणि पाचवीनंतर पुढची शाळा कोणती? सॅन होजेत रिव्हर ग्लेन ही स्पॅनिशची शाळा आठवीपर्यंत एकाच आवारात आहे, तशी सोय सगळीकडे नसते.

सुदामानगर_आजी
सूनबाई, सासूबाईंच्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली म्हणून लिहिते.

शाळेतल्या दोन भाषा शाळा सांभाळेल. मराठी कोणी सांभाळणार नाही. हिंदी सर्वांत आधी मागे पडेल, कारण ती कॉलनीतल्या मुलांची होती. ती पुढे मराठीच्या आधाराने परत येते, तेव्हा तिच्यासाठी वेगळी ताकद घालवू नका. शाळेत इंग्रजी कमी पडतंय असं वाटून घरी इंग्रजी बोलायला लागू नका. एखाद्या शिक्षिकेने सुचवलं तरी नाही. मुलाला गोष्ट मराठीत समजावता येत असेल तर शाळेत फक्त शब्द नवे लागतात, समज आधीच असते.

निसटायची खूण ओळखा. तुम्ही मराठीत विचारता आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, साधारण पहिलीच्या सुमारास. रागावून उपयोग नाही. त्याचंच वाक्य मराठीत म्हणून पुढे चला, आणि असं एक माणूस ठेवा ज्याच्याशी मराठीशिवाय चालतच नाही. ते माणूस म्हणजे आजी. उन्हाळ्यात सॅन होजे आपल्या साडेबारा तास मागे, सॉल्ट लेक साडेअकरा. नोव्हेंबर ते मार्च दोन्हीकडे एक तास आणखी. सॅन होजेची संध्याकाळची साडेसहा म्हणजे आपल्याकडे सकाळी सात, सॉल्ट लेकची म्हणजे सकाळी सहा, उन्हाळ्यात. पोहे वाफेवर असतात, फोन ओट्याशी उभा करून ठेवायचा. 'कसा आहेस, जेवलास का' एवढ्यावर फोन संपतो, म्हणून हातात काम हवं: तो पुस्तकातलं चित्र दाखवेल, आजीने चुकीचं सांगायचं, त्याने सुधारायचं.

बाराखडी निघण्याआधी घाईने उरकू नका. रोमन अक्षरं शाळेत बसली की सहाव्या वर्षी रोज पंधरा मिनिटं, आधी क-म-ल असे काना-मात्रा नसलेले शब्द. मोठ्या टायपाची पुस्तकं इथून न्या, तिकडे मागवायला महाग पडतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे तिकडच्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा बऱ्याच गावांत आहेत, त्यांच्या प्रवेशाचीही चौकशी आत्ताच करून ठेवा.

रामबाग_इंदूर
सगळ्यांचे आभार. कार्ड काढून बघितलं, नऊ महिन्यांची एमआर आहे आणि कांजिण्यांची एकही नाही. उद्याच डॉक्टरांकडे जाते. ऑफिस कळलं की इथेच लिहीन.

लसीचं_कार्ड
जाताना फिकट पानांचा फोटो काढून न्या. आणि एमएमआर-कांजिण्या एकाच दिवशी द्यायला सांगा, म्हणजे २८ दिवसांचा हिशेब उरत नाही.