१०० एमबीपीएसचे नेटवर्क आणि कॉपीच्या चौकटीतील ११.२ : हा हिशेब कसा मांडावा?

ग्रंथसेवक :

आमच्या सार्वजनिक वाचनालयातील जुन्या नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने एका संगणकावर साठवलेली आहेत आणि त्यांची दुसरी प्रत नेटवर्कवरील साठवण यंत्रात, म्हणजे नॅसमध्ये, ठेवायची आहे. विंडोज या फोल्डरचा आकार ४०० जीबी दाखवते आणि ज्या स्विचमधून दोन्ही यंत्रे जोडली आहेत त्याचा वेग १०० एमबीपीएस आहे. कार्यकारी मंडळातील एका सदस्यांच्या मते ४,००,००० ला १०० ने भागले की ४,००० सेकंद येतात, म्हणून काम तासाभरात उरकावे. प्रत्यक्षात कॉपी सुरू केल्यावर विंडोजच्या चौकटीत वेग सेकंदाला ११.२ एमबी दिसतो. दुसऱ्या सदस्यांनी वेगाला १० ने भागण्याचा नियम सांगितला, पण त्याने १० येतात; ८ ने भागल्यास १२.५ येतात. ११.२ हा आकडा यांपैकी कोणत्याच हिशेबात बसत नाही. एककांचे योग्य रूपांतर कसे करावे, आणि रात्री आठ वाजता वाचनालय बंद करताना सुरू केलेली कॉपी सकाळी आठ वाजता ते उघडण्यापूर्वी पूर्ण होईल का, हे कृपया सांगावे.

गणिती_दृष्टी :

आपल्या प्रश्नात रूपांतराच्या दोन पायऱ्या एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्या की बराच उलगडा होईल. नेटवर्कचा वेग बिटमध्ये आणि फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. नेटवर्कच्या क्षेत्रात मेगा म्हणजे नेमके १०,००,०००, त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट, अर्थात १ कोटी २५ लाख बाइट. ही पहिली पायरी झाली आणि तिचे उत्तर १२.५ मेगाबाइट आहे.

दुसरी पायरी विंडोजच्या पद्धतीमुळे येते. विंडोज एमबी असे लिहिते, पण भागाकार १०२४ गुणिले १०२४ ने, म्हणजे १०,४८,५७६ ने करते. या एककासाठी आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ मध्येच मेबीबाइट हे वेगळे नाव मंजूर केले आणि त्याच्या वरच्या एककाला गिबीबाइट म्हटले, तरीही विंडोजने जुनी चिन्हे बदललेली नाहीत. १,२५,००,००० ला १०,४८,५७६ ने भागल्यास ११.९२ येतात. म्हणजे तारेवरचा प्रत्येक बिट आपल्या फाइलचाच असता, तरी त्या चौकटीत ११.९२ पेक्षा मोठा आकडा दिसला नसता.

फोल्डरच्या आकारालाही हेच लागू आहे. विंडोजचे ४०० जीबी म्हणजे ४०० गिबीबाइट, अर्थात सुमारे ४२,९५० कोटी बाइट. दशमान पद्धतीने तो आकार ४२९.५ जीबी होतो. नॅससाठी नवी हार्ड डिस्क घ्यायची असल्यास हे ध्यानात असावे, कारण डिस्कवर छापलेली क्षमता दशमान असते आणि ४०० आकड्याच्या भरवशावर घेतलेली जागा अपुरी पडेल.

तारजोडणी :

वरील मांडणी अचूक आहे. मात्र १० ने भागण्याचा नियम निराधार नाही, त्याची जागा वेगळी आहे, हे नोंदवावेसे वाटते. जुन्या सिरियल पोर्टवर प्रत्येक बाइटच्या आधी एक आरंभ-बिट आणि नंतर एक अंत-बिट जात असे, त्यामुळे ९६०० बिटच्या जोडणीवरून सेकंदाला ९६० बाइटच मिळत. साटा डिस्कच्या जोडणीतही प्रत्येक ८ बिट १० बिटांच्या रूपात पाठवले जातात, म्हणून ६ गिगाबिटच्या साटाची मर्यादा ७५० नव्हे तर ६०० मेगाबाइट आहे. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्येही, म्हणजे आपल्या तारेच्या नेटवर्कच्या पद्धतीतही, ४ बिटांचे ५ बिट होतातच, पण तेथे तार मुळात सेकंदाला १२.५ कोटी बिटांच्या गतीने चालते आणि १०० हा आकडा ते वजा करून सांगितलेला असतो. म्हणून इथरनेटला १० ने भागणे म्हणजे एकच वजावट दोनदा करणे होय.

आता ११.९२ आणि ११.२ यांमधील फरकाकडे वळू. इथरनेटवर माहिती चौकटींमध्ये, म्हणजे फ्रेम नावाच्या ठरावीक गठ्ठ्यांमध्ये, बांधून जाते; कॉपीच्या चौकटीशी यांचा संबंध नाही. एका पूर्ण चौकटीत १५०० बाइटचा मजकूर असतो. त्याच्यापुढे ८ बाइटची पूर्वसूचना आणि १४ बाइटचे शीर्षक, मागे ४ बाइटची तपासणी-संख्या आणि पुढच्या चौकटीपूर्वी १२ बाइटांइतका विराम, असे एकूण १५३८ बाइट तारेचा वेळ घेतात. त्या १५०० मधूनही आयपी (पत्ता सांगणारा) आणि टीसीपी (पोच सांभाळणारा) या नेटवर्कच्या नियमांची शीर्षके प्रत्येकी २० बाइट घेतात, त्यामुळे फाइलच्या वाट्याला १४६० उरतात. १४६० भागिले १५३८ म्हणजे ९४.९ टक्के. ११.९२ चे ९४.९ टक्के ११.३२ होतात, आणि फाइल-देवघेवीच्या प्रणालीचे स्वतःचे संदेश त्यातून वजा झाले की आपला ११.२ समोर येतो. आपले नेटवर्क जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालले आहे. त्यात कोणताही दोष नाही.

ग्रंथसेवक :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग ४०० ला १०२४ ने गुणून ११.२ ने भागावे, हे बरोबर आहे ना? तसे केल्यास सुमारे ३६,५७० सेकंद येतात.

गणिती_दृष्टी :

अगदी बरोबर. आकार आणि वेग दोन्ही विंडोजनेच दाखवलेले असल्यामुळे दोन्हीकडे एकच पद्धत आहे, आणि आपल्याला ८ ने भागण्याचीही गरज उरत नाही. ३६,५७० सेकंद म्हणजे १० तास १० मिनिटे. आठ वाजता सुरू केलेली कॉपी सकाळी सव्वासहाच्या आत पूर्ण व्हावी. मात्र प्रत्येक पानाची स्वतंत्र लहान फाइल असेल, तर हजारो फाइल उघडण्या-मिटण्यात वेळ जाऊन सरासरी वेग बराच खाली येईल. त्यापेक्षा एकेका वर्षाचे अंक एकत्र बांधून एकच मोठी फाइल करावी आणि मग ती पाठवावी.

तारजोडणी :

ही कॉपी दर महिन्याला काढायची असेल, तर गिगाबिट स्विच घेणे मी आग्रहाने सुचवेन. इथरनेट-चौकटीचे गणित तेच राहते, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ११२ दिसेल आणि मोठ्या फाइलींचे काम साधारण तासाभरात होईल. डिस्कचा वेग मात्र तेवढा असावा लागेल. स्विच बदलण्यापूर्वी केबलही पाहून घ्यावी. १०० एमबीपीएसला तारेच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि एखादी जोडी तुटलेली असेल तर जोडणी बहुधा मुकाट्याने १०० वर उतरते. विंडोजमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या स्थितीच्या पानावर जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तेथे १ जीबीपीएस दिसल्यावरच कॉपी सुरू करावी.