मदत हवी आहे: 61 फोटोंच्या तारखा गेल्यात, परत कशा लावायच्या?

घाटपायरी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय भूगोल. 1 जुलै 2024 पासून रोज एक फोटो काढते आणि वहीत त्या दिवसाची एक ओळ लिहिते. राहायला पंचवटीत, कॉलेज नदीपलीकडे. त्यामुळे सकाळी सव्वाआठच्या सुमारास गाडगे महाराज पुलावर थांबायचं, कठड्याला टेकून खालच्या घाटाचा फोटो घ्यायचा आणि पुढे जायचं. दिवसभरात दुसरं काही खास दिसलं तर पुलाऐवजी तो फोटो. दिवसाला एकच, हा नियम मी मोडलेला नाही.

आता अडचण. एप्रिलमध्ये फोनचा डिस्प्ले गेला. दुरुस्तीला टाकायच्या आदल्या रात्री, म्हणजे 12 एप्रिल 2025 ला, कसेबसे दिसतील तसे फोटो निवडून मी आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. म्हटलं, तेवढेच सुरक्षित राहतील. दुकानदाराने डिस्प्ले बदलला आणि न विचारता फोन रीसेटही केला. मूळ फोटो सगळे गेले. बॅकअप नव्हता. दुकानाचं नाव लिहीत नाही, त्याने आता काही होणार नाही.

9 फेब्रुवारीपर्यंतचे फोटो वाचले, कारण तोवर रोजचा फोटो रोज घरच्या ग्रुपवर टाकायचे. तिथे मेसेजची तारीख आहेच. पुढे भावाच्या लग्नाची गडबड सुरू झाली, ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज, म्हणून मी टाकणं थांबवलं. 10 फेब्रुवारी ते 11 एप्रिल, बरोबर 61 दिवस, 61 फोटो. आत्याच्या फोनमध्ये सगळे आहेत, पण प्रत्येक फाइलच्या नावात 12 एप्रिल. फोटोच्या आत काढल्याची जी तारीख-वेळ असते तीही उडालेली.

वहीत 61 ओळी तारखेसह आहेत. पण ओळी अशा: "आज पाणी हिरवं." "टोपलीवाल्या आजी नाहीत." "काही नाही, तरी काढला." कुठल्या ओळीला कुठला फोटो, हे वीसेक ठिकाणीच कळतंय.

फोटोंमध्ये काय आहे ते सांगते, म्हणजे कुणाला काही सुचेल. साधारण चाळीस फोटो पुलावरून घेतलेले, चौकट जवळपास तीच: घाटाच्या पायऱ्या, फरसबंदी, एक विजेचा खांब, मागे देवळांची शिखरं. त्यातल्या 7 फोटोंत बाजार मांडला जातोय. निळी-पिवळी ताडपत्री, लसणाचे ढीग, एका फोटोत तर माणूस दोन्ही पाय रोवून दोरी ताणतोय आणि ताडपत्री फुग्यासारखी वर आलीय. बाकीचे इकडचे तिकडचे: तिवंधा चौकात रहाडीचं, म्हणजे रंगाच्या जमिनीतल्या हौदाचं, पिवळं पाणी, कपालेश्वराच्या पायऱ्यांवरची रांग, रथाचा दोरखंड धरलेले हात, द्राक्षांच्या हातगाड्या, भांडी बाजारातलं एक दुकान उघडताना, रामकुंडावर पायरीवर बसलेला मुंडण केलेला माणूस (पाठमोरा).

प्रश्न असे:

तारखा परत लावायची काही रीत आहे का? अंदाजाने लावली तर ती फाइलमध्ये लिहावी का? आणि तो रामकुंडावरचा फोटो ठेवावा का, हे मला अजून ठरवता येत नाहीये.

एवढा आटापिटा कशासाठी, असं कुणी विचारेल म्हणून सांगते. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. मागच्या, 2015 च्या सिंहस्थाच्या आधीचा घाट कसा होता हे मी घरात विचारलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. या वेळी निदान एका पुलावरून दिसणारा घाट तरी तारीखवार असावा, असं मला मनापासून वाटतं.

वायरमन_सातपूर

आधी फाइलचं बोलू. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि आतली माहिती निघून जाते. नावातली तारीख पाठवल्याची असते, काढल्याची नाही. यापुढे पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते.

ग्रुपवरच्या जुन्या फोटोंसाठी एक्सपोर्ट चॅट वापरा. मीडियासकट काढलं तर मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि पुढे फोटोचं नाव असं ओळीने येतं. एकेक बघत बसायला नको.

तारीख फाइलमध्ये लिहायला एक्झिफटूल आहे, मोफत आहे. गुगल फोटोजमध्येही तारीख बदलता येते, पण तो बदल तिथल्यापुरताच, मूळ फाइलमध्ये उतरत नाही. मात्र माझं ऐकाल तर अंदाजाची तारीख फाइलमध्ये लिहूच नका. एकदा लिहिली की ती खऱ्या तारखेसारखीच दिसते. दोन वर्षांनी तुम्हालाच फरक कळणार नाही. वेगळा तक्ता करा: फाइलचं नाव, तारीख, आणि शेजारी "नक्की" किंवा "बहुधा", आणि कशावरून ते.

जुनी_तांबट_आळी

ताई, तुमच्या फोटोंतच निम्मी तारीख लिहिलेली आहे की.

घाटावरचा बाजार बुधवारचा. 10 फेब्रुवारी ते 11 एप्रिलमध्ये बुधवार किती? मी कॅलेंडर काढून मोजले: 12, 19, 26 फेब्रुवारी, 5, 12, 19, 26 मार्च, 2 आणि 9 एप्रिल. नऊ. तुमच्याकडे बाजाराचे सात. मग दोन बुधवारी तुम्ही दुसरं काही काढलंत.

26 फेब्रुवारीला महाशिवरात्र होती. कपालेश्वराची रांग तीच. 19 मार्चला रंगपंचमी, तोही बुधवार, म्हणजे रहाडीचा फोटो त्या दिवसाचा. तिवंधा चौकातली रहाड पिवळ्याची, शनी चौकातली गुलाबी. वर्षभर बुजवलेली असते, वरून गाड्या जातात, पंचमीला उघडतात. त्या एका दिवसाखेरीज पिवळं पाणी तुम्हाला मिळायचं नाही. मी स्वतः त्यात धप्पा मारून वाढलोय, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगतो. नऊचा हिशेब तिथेच जुळला.

रथाचा दोरखंड म्हणजे कामदा एकादशी. रामनवमी 6 एप्रिलला होती, रथ निघाले 8 ला.

घाटपायरी

तांबट आळी दादा, नऊ आणि सातचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता! वही उघडून बघितलं. 26 फेब्रुवारीची ओळ: "रांग वळून वळून आलीय." 19 मार्चची ओळ एकच शब्द: "पिवळं." मी हा शब्द इतके दिवस फुलांशी जोडून बसले होते.

आता बाजाराचे सात फोटो सात बुधवारी कसे वाटायचे? खांबाची सावली काहींत लांब आहे, काहींत आखूड. उन्हाळा जवळ येतो तशी सावली आखूड होणार, मग लांबीवरून क्रम लावू का?

खडूफळा

मी निवृत्त शिक्षक, आयुष्यभर भूगोल शिकवला. मुली, तुझी वाट बरोबर आहे, पण लांबीवर विसंबू नकोस.

सव्वाआठला नाशिकमध्ये 12 फेब्रुवारीला सूर्य क्षितिजापासून 15 अंशांच्या आतबाहेर असतो, 9 एप्रिलला 26 च्या जवळ. म्हणजे खांबाची सावली पावणेचार पटीवरून दुपटीवर येते. ऐकायला फरक मोठा वाटतो, पण आठ आठवड्यांत विभागला तर आठवड्याला दीड अंशही पडत नाही. आणि त्या वेळी सूर्य तेवढा सहा-सात मिनिटांत वर चढतो. तू एखाद्या दिवशी सात मिनिटं उशिरा पोचलीस की फोटो आपोआप एक आठवडा पुढचा वाटणार. "सुमारास" असं तूच लिहिलं आहेस.

सावलीची दिशा बघ. फेब्रुवारीत सूर्य पूर्वेच्या बराच दक्षिणेला असतो, त्यामुळे सावली पश्चिमेकडून वायव्येकडे झुकलेली. 9 एप्रिलला सव्वाआठला सूर्य जवळजवळ ठीक पूर्वेला, सावली सरळ पश्चिमेला. आठ आठवड्यांत वीस अंशांचा फरक, आठवड्याला अडीच. आणि दहा मिनिटांच्या उशिराने दिशा फार तर एका अंशाने हलते. तुझ्या उशिराची चूक इथे पचते.

घाटाची फरसबंदी चौकोनी आहे ना? मग तोच तुझा आलेखाचा कागद. सगळे फोटो खांबाच्या बुडाशी जुळवून ठेव आणि सावलीची रेघ कुठल्या फरशीच्या सांध्यावरून जाते ते पाहा. कोनमापक लावू नकोस, पुलावरून तिरकं दिसत असल्याने फोटोतला कोन खरा नसतो. क्रम मात्र खराच येईल.

गोदाकाठी_आजी

बाळा, तारखांचं मला काही कळत नाही, रामकुंडाचं सांगते. तिथे माणूस आपलं कुणीतरी गेल्यावर येतो. पाठमोरा असला तरी त्याच्या घरचे त्याला पाठीवरून ओळखतात. आमच्या ह्यांच्या दहाव्याला माझा मुलगा त्याच पायऱ्यांवर बसला होता, मी लांबून त्याच्या पाठीकडेच बघत होते. तू वहीतली ओळ ठेव. फोटो दाखवू नकोस कुणाला.

घाटपायरी

सगळ्यांचे आभार. काल रविवार पूर्ण यातच गेला, काय झालं ते लिहिते.

लॅपटॉपच्या स्क्रीनवर बटर पेपर चिकटवला. पहिल्या फोटोवरून खांब, त्याचा चौथरा आणि समोरच्या तीन ओळींच्या फरशा पेन्सिलने उतरवून घेतल्या. मग प्रत्येक बाजाराचा फोटो त्या रेघांखाली लहानमोठा करून बसवला आणि फक्त सावलीची रेघ ओढली. सात फोटोंपैकी सहांतच सावली होती. सातव्यात सगळं राखाडी, ऊनच नाही. तो बाजूला ठेवला.

सहा रेघा पंख्याच्या पात्यांसारख्या पसरल्या. खडूफळा सर, तुम्ही म्हणालात तसंच झालं: लांबीने लावला असता तर दोन फोटोंची अदलाबदल झाली असती, दिशेने ते नीट जागेवर बसले. आणि रेघांमधली अंतरं सारखी नाहीत, तीन ठिकाणी मोठी फट आहे. पहिली फट दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमध्ये. तिथे शिवरात्रीचा बुधवार गेला. दुसरी चौथ्या-पाचव्यामध्ये, तिथे रंगपंचमीचा. तिसरी शेवटच्या दोन रेघांमध्ये, म्हणजे 26 मार्च आणि 9 एप्रिलच्या मध्ये. तिथे 2 एप्रिल बसतो, आणि माझ्याकडे बिनसावलीचा एक फोटो शिल्लक होता. वही काढली. 2 एप्रिल: "ढग. ताडपत्रीवाल्याला वारा आवरेना."

तो फुगलेल्या ताडपत्रीचाच फोटो आहे. मी मोठ्याने ओरडले, आई स्वयंपाकघरातून धावत आली.

बुधवारच्या सहा रेघांचा पट्टा तयार झाल्यावर बाकीच्या दिवसांचे पुलावरचे फोटोही त्याच कागदावर बसवले. दोन बुधवारांच्या मधला आठवडा कळतो, नेमका वार कळत नाही. तिथे वहीतल्या ओळी कामाला आल्या. टोपलीवाल्या आजी कुठल्या फोटोत नाहीत, एवढंच शोधायचं होतं. आत्ताचा हिशेब: 44 नक्की, 12 बहुधा, 5 ची काहीच खूण नाही. वायरमन दादा, तक्ता तुम्ही सांगितला तसाच केलाय, तिसऱ्या रकान्यात "कशावरून". फाइलमध्ये फक्त 44 च्या तारखा लिहीन.

आजी, रामकुंडाचा फोटो मी संचातून काढला. त्या तारखेसमोर फक्त ओळ आहे: "पायरीवर एकजण. पाणी शांत."

आता शेवटची मदत हवी आहे. त्या पाचांपैकी एकात भांडी बाजारातलं दुकान उघडताना दिसतंय. फळी अर्धी निघालेली, आत तांब्याचे हंडे एकावर एक, आणि दारावर आंब्याच्या पानांचं तोरण, पानं हिरवीगार, त्यात झेंडूही ताजा. गुढीपाडवा 30 मार्चला होता, पण त्या दिवशीचा फोटो आमच्या गल्लीतल्या गुढीचा आहे, तो नक्की. मग हे तोरण 29 ला संध्याकाळी बांधलेलं, की 31 ला अजून न सुकलेलं? उन्हाळ्यात आंब्याचं पान दारावर किती दिवस हिरवं राहतं, हे कुणी सांगू शकेल का?

जुनी_तांबट_आळी

ताई, पानं हिरवी राहतील दोन दिवस, झेंडू नाही राहायचा. मार्चअखेरच्या उन्हात एका दुपारीत त्याच्या कडा तपकिरी होतात. फोटो मोठा करून फुलांच्या कडा बघा. आणि दुकान उघडतंय म्हणजे सकाळ आहे, मग 29 च्या संध्याकाळी बांधलेलं 29 च्या सकाळी कसं दिसेल? एक तर 31, नाहीतर पाडवा सोडून त्या दुकानाचं स्वतःचं काही कारण. पाटी दिसत असेल तर सांगा, मी जाऊन विचारतो. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर आहे.

घाटपायरी

कडा तपकिरी नाहीत, एकाही फुलाच्या नाहीत. पाटी अर्धी दिसते. विचारून या दादा, आणि त्यांची हरकत नसेल तर माझ्यातर्फे सांगा की तो फोटो छापून त्यांना आणून देते.