कोंबडीच्या खाद्यातलं अँटिबायोटिक: युरोपसाठी बंद, आपल्यासाठी चालू?

धागाकर्ता (ब्रॉयलर म्हणजे मांसाच्या कोंबड्या, कंपनीशी करार): पक्षी लवकर भरावेत म्हणून खाद्यातून अँटिबायोटिक द्यायला युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. बाहेरून येणाऱ्या मांस-अंड्यांनाही तीच अट लावायला ३ सप्टेंबर २०२६ ही तारीख ठरवली. ती अट आपण स्वतःहून, आपल्या घरच्या ताटासाठी पाळावी असं माझं ठाम मत आहे. कोलिस्टिन आठवा. माणसावर बाकीची औषधं चालेनाशी झाली की आयसीयूत हे काढतात, आणि आपल्याकडे ते वजन वाढवायला चारत होते! जुलै २०१९ मध्ये सरकारने बंद केलं.

लेअरवाला (अंड्यांच्या कोंबड्या): दादा, कोलिस्टिनबद्दल वाद नाही. पण परदेशी अटींमागे नेहमी आरोग्यच असतं असं नाही. आपणच बर्ड फ्लूचं कारण देऊन अमेरिकेची कोंबडी-अंडी अडवली आणि २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत केस हरलो. तमिळनाडूतल्या नामक्कलची अंडी आखातात जातात, त्यांना निर्यातीचा भाव मिळतो. माझी अंडी तालुक्याच्या बाजारात जातात. मका आणि सोयापेंडीतच निम्म्याहून जास्त पैसा जातो, वर औषधाविना पक्षी सांभाळायचा खर्च कुठून काढू?

पशुवैद्य: दोघेही एक गोष्ट विसरताय. आजारी पक्ष्याला औषध देणं वेगळं आणि वजनासाठी रोज थोडंथोडं चारणं वेगळं. बंदी दुसऱ्याला आहे. कॉक्सी (आतड्यांचा परजीवी रोग) रोखणारं मोनेन्सिन हे औषध मात्र युरोपात आजही खाद्यातून चालतं. रोजचं औषध थांबवायचं तर आधी शेड बघा. ड्रिंकरखालचा (पाण्याच्या भांड्याखालचा) भुसा मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. अमोनिया तिथूनच सुटतो, कॉक्सीही तिथेच वाढते. औषध घालून ही ओल झाकत राहतो आपण.

लेअरवाला: डॉक्टर, पावसाळ्यात भुसा कोरडा ठेवायला माणूस लागतो. त्याची मजुरी अंड्याच्या भावात धरत नाही कोणी.

करारवाली ताई: आमच्याकडे पिल्लं कंपनीची, खाद्यही कंपनीचं. गोणीत कुठलं औषध आहे विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, "तुम्ही वजनाचं बघा." उद्या नमुना सदोष निघाला तर नाव माझ्या शेडचं लागणार.

धागाकर्ता: ताई, माझंही हेच दुखणं आहे. गोणीवर प्रत्येक औषधाचं नाव आणि प्रमाण मराठीत छापलंच पाहिजे. लेअरवाले भाऊ, एवढ्याला तरी सोबत याल?

लेअरवाला: छपाईला येतो. खाद्याच्या तपासणीची फी मात्र खाद्य बनवणाऱ्याने भरायची, माझ्या अंड्यातून कापायची नाही.