पायाखालची अक्षरं

चेरीची फुलं, लाल कमान आणि कुंचल्याने फटकारल्यासारखी रोमन अक्षरं, एवढ्यावर जपानी वस्तीची ओळख उभी राहते हे मला अजिबात पटत नाही. लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत फर्स्ट स्ट्रीट बघा. ग्राफिक डिझायनर शीला डी ब्रेटव्हिल यांनी १९९६ मध्ये तिथल्या फुटपाथमध्येच पितळी अक्षरं बसवली: कुठल्या दारात कधी कुठलं दुकान होतं, सालासकट. मधेमधे बांधलेल्या गाठोड्यांची चित्रं. १९४२ मध्ये, महायुद्धात, अमेरिकी सरकारच्या हुकमाने इथल्या जपानी कुटुंबांना हाती उचलता येईल तेवढंच घेऊन नजरकैदेच्या छावण्यांत जावं लागलं, हे ठाऊक असलं की त्या गाठोड्यावर पाय ठेववत नाही. अशा वस्तीचं नवं बोधचिन्ह करायला घेणाऱ्याने आधी तिथे खाली बघत एक फेरी मारावी.