मदत हवी आहे: गडगडत जाणाऱ्या वस्तूवर फ्रिक्शनची दिशा कशी ओळखायची?

नमस्कार. मी सोलापुरात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डायनॅमिक्समध्ये पुलीची गणितं जमली, पण न घसरता गडगडत जाणाऱ्या वस्तूंपाशी अडले आहे.

१० किलोचा भरीव सिलिंडर सपाट जमिनीवर, केंद्रातून ३० न्यूटनने आडवा ओढला, तर त्वरण २ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि फ्रिक्शन १० न्यूटन, मागे. तेच बल माथ्यावर गुंडाळलेल्या दोरीने लावलं की त्वरण ४, फ्रिक्शन १०च, पण पुढे! समीकरणं सुटतात, कारण उमगत नाही.

आमच्या घरी यंत्रमाग आहे. बाबांकडून कडा असलेलं एक रीळ घेतलं, टेबलावर ठेवलं आणि खालून निघणारा धागा हळूच आडवा ओढला. वाटलं लांब जाईल. ते धागा गुंडाळत माझ्याकडेच आलं. धागा बराच वर तिरका धरला तेव्हा मात्र उलटं गेलं. तीनदा करून पाहिलं.

एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती) काढतानाच फ्रिक्शनचा बाण कुठे हे तुम्ही कसं ओळखता? की कुठलीही दिशा धरून उणे चिन्ह आलं तर उलटवायची? आणि मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) केंद्राभोवती घ्यायचा की जमिनीला टेकलेल्या बिंदूभोवती? कुणी दादा-ताई एक उदाहरण पायरी-पायरीने समजावतील का? रिळाचंच घेतलंत तर फार बरं होईल.